हुसेन कुणाकडे शिकले?

मार्च २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि जुनी कहाणी पुन्हा सुरू झाली. पंढरपूरला जन्मलेला, आईविना वाढलेला मुलगा, सिनेमाची होर्डिंगं रंगवणारा, कुणाकडे न शिकता जगभर पोचला. भोरजवळच्या आमच्या आंबवड्यापर्यंतही ती कहाणी आली आणि तात्पर्य नेहमीचंच निघालं: देवाची देणगी असली की शिक्षण लागत नाही. हे तात्पर्य खोटं आहे. आणि ते गावाकडच्या पोरांनाच सांगितलं जातं, याचा मला संताप येतो.

इंदूरच्या कलाशाळेतले संध्याकाळचे वर्ग हुसेन यांनी काही काळ केले होते. पण तेवढं दाखवून वाद जिंकण्यात मला रस नाही. १९४८ साली त्यांनी काय केलं, ते पाहावं. भारतीय कलेचं जे प्रदर्शन आधी लंडनच्या रॉयल अकादमीत भरलं होतं, ते परतल्यावर दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात मांडलं गेलं. पुढे त्यातूनच राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. हुसेन ते पाहायला चित्रकार सूझांबरोबर गेले. मथुरेची तांबड्या दगडातली शिल्पं, गुप्तकाळातल्या मूर्ती, बसोहलीची पेटलेल्या रंगांची लघुचित्रं त्यांनी तिथे पाहिली. अंग कसं वळवायचं हे त्यांनी मूर्तींकडून घेतलं आणि सपाट लाल-पिवळ्याला न घाबरणं बसोहलीकडून. १९५२ मध्ये ते चीनला गेले, मग युरोपला. ‘ग्रामयात्रा’तली तेरा दृश्यं या सगळ्या प्रवासानंतरची आहेत. विषय गावाचा असला, तरी ते गाव पाहणारा डोळा दिल्ली, पेकिंग आणि युरोप फिरून आलेला आहे.

म्हणजे प्रवासाने चित्रकार घडतो? इथवर मीही तेच म्हणत आलो, पण ते पुरेसं नाही. दिल्लीतलं ते प्रदर्शन पाहायला आलेले सगळे काही हुसेन झाले नाहीत. त्यांच्या हाताने आधी वर्षानुवर्षं होर्डिंगं रंगवली होती. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी भिंतीएवढ्या पृष्ठभागावर उतरवायच्या आणि परांचीवर उभं राहून नटीचा गाल माणसाच्या उंचीएवढा ओढायचा. मागे सरकून बघायला जागा नसते. रेघ मनगटातून येत नाही, खांद्यातून येते, आणि चुकली तर शुक्रवारचा सिनेमा थांबत नाही. असा हात घेऊन गेलेल्या माणसाला मथुरेच्या यक्षीकडे विचारायला प्रश्न होते. म्हणून त्याला उत्तरं मिळाली. शिवाय बरोबर सूझा होते: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेले, पण तिथे शिकलेले आणि वाद घालणारे. दोघांच्या प्रोग्रेसिव्ह या कलावंत-गटातल्या रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या संगतीत रोज एकमेकांच्या कामाची चिरफाड होत असणार, ही शाळा कमी नव्हे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. ते तर कलाशाळेत गेलेच नाहीत. पण कारागिराचं घर, आनंदरावांसारखा चित्रकार चुलतभाऊ आणि नाटक कंपन्यांचे पडदे त्यांच्या वाट्याला आले होते. पडद्यावरच्या महालात खोलपणा दिसायला हवा, हे त्यांना पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाने शिकवलं.

आता ही परांची राहिलेली नाही. भोरच्या बाजारपेठेत दुकानाची पाटी फ्लेक्सवर छापून येते. पाटी रंगवणाऱ्याचा डबा धरून उभा राहणारा पोरगा उरला नाही. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा आहेत, पण खेड्यातल्या कितीतरी मुलांना त्या दहावीच्या वाढीव गुणांपुरत्याच ठाऊक आहेत. चित्रकलेचा तास मोकळा मिळाला की त्यात गणित घुसतं. अशा वेळी ‘हुसेन कुठे शिकले होते?’ असं विचारणारा माणूस त्या मुलाचा उरलेला मार्गही बंद करतो.

आंबवड्याला झुलता पूल पाहायला सहली येतात. नागेश्वराचं दगडी देऊळ आहे, शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. मुलं फोटो काढतात, डबे खातात आणि बसमध्ये चढतात. त्यांना कागद-पेन्सिल देऊन देवळातल्या एकाच खांबासमोर तासभर बसवा. दुसऱ्या वर्षी त्याच मुलांना पुण्याच्या केळकर संग्रहालयात न्या आणि तिथल्या लाकडी खांबांसमोर पुन्हा बसवा. एवढा खर्च शाळा-समित्यांना आणि ग्रामपंचायतीला परवडतो. तो करायचा नसेल, तर निदान देवाच्या देणगीचं नाव पुढे करू नये.