मर्यादवेल आणि वाट

आम्ही कोकणातली माणसे 'पुळण' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे समुद्राआधी तिकडे जाणारी वाट येते. मोहल्ल्यातून निघायचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून दोन गडग्यांच्या मधल्या पाखाडीने उतरायचे, सुरूचे बन ओलांडायचे आणि वाळूच्या उंचवट्यावरून खाली पाण्याकडे जायचे. रापण ओढायला निघालेले दालदी याच वाटेने गेले. मासळी सुकत घालणाऱ्या बाया, असरच्या नमाजनंतर हवा खायला निघालेले म्हातारे, ईदच्या दिवशी नवे कपडे भिजवून घरी बोलणी खाणारी पोरे, सगळी याच वाटेने गेली. वाट कोणाच्या मालकीची, असे कोणी कोणाला विचारले नाही.

आता हा प्रश्न विचारावा लागतो आहे, आणि त्याची तीन उत्तरे एकदम कानावर येतात. निसर्गप्रेमी म्हणतात, वाळूच्या टेकड्या नाजूक आहेत, तिथे पाय ठेवू नका. प्लॉट घेतलेला म्हणतो, ही माझी खाजगी जागा आहे, येथून जाऊ नका. पर्यटनाच्या योजना आखणारे म्हणतात, येथे सर्वांसाठी छान पायवाट बांधू, फिरा आणि खर्च करा. तिघांच्याही बोलण्यात 'हक्क' हा शब्द आहे. आम्हाला छळणारा प्रश्न असा की, जी गोष्ट सर्वांची आहे ती सर्वांनी वापरली तर नष्ट होते आणि कोणीच वापरू नये म्हटले तर बळवंताच्या हाती जाते. मग तिचे रक्षण न्यायाने करायचे कसे?

आधी ही वाळूची टेकडी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. वारा किनाऱ्यावरची सुकी वाळू उचलून आत आणतो. वाटेत एखादी वेल किंवा गवत भेटले की वाऱ्याचा जोर कमी होतो, वाळू तेथेच खाली बसते. वेल पुन्हा वाळूच्या वर डोके काढते, पुन्हा वाळू अडवते. अशी वर्षानुवर्षांची देवघेव चालते तेव्हा कुठे टेकडी उभी राहते. हे काम करणाऱ्या जांभळ्या फुलांच्या वेलीला आपल्या भाषेत मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा दाखवणारी ती मर्यादवेल. भरतीच्या लाटा आणि वादळाचे पाणी सोसते, पण माणसाच्या रोजच्या पावलांपुढे तिचा टिकाव लागत नाही. ती तुडवली गेली की तेवढी वाळू उघडी पडते, वारा तेथे खिंडार पाडतो आणि पुढच्या वादळात पाणी त्याच खिंडारातून गावात शिरते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी झाली, तेव्हा वाळूच्या टेकड्या शाबूत असलेल्या जागी मागच्या वस्त्यांची हानी कमी झाल्याचे दिसून आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या वाड्याही उन्मळून पडल्या. समुद्राची मर्यादा सुटली म्हणजे काय होते, हे आम्हाला पुस्तकातून शिकण्याची गरज राहिलेली नाही.

दापोली तालुक्यातले केळशी या दृष्टीने पाहण्यासारखे गाव आहे. येथे हजरत याकूब बाबांचा दर्गा आहे आणि शिवाजी महाराजांच्या त्यांच्यावरील श्रद्धेची आठवण गावात हिंदू-मुसलमान दोघेही सांगतात. याच गावात खाडीच्या तोंडाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. तिच्या पोटात जुन्या मानवी वावराच्या खुणा मिळाल्या, आणि एखाद्या जुन्या त्सुनामीने ही टेकडी उभी केली असावी, असे मत त्यांनी मांडले. म्हणजे आपण जिला वाळूचा ढीग समजतो ती आपल्याच पूर्वजांची बखर असू शकते. तिच्यावरून मोटार नेणाऱ्याला आपण काय तुडवतो आहोत याची कल्पना नसते.

कायद्याने हे ओळखले आहे. इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. २०११ च्या आणि २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. पण २०१९ च्या अधिसूचनेने दोन गोष्टी केल्या. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचा ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. आणि संवेदनशील भागातही, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात तरतूद असेल तर, निसर्गवाटांसारख्या पर्यटनाला परवानगी दिली. दार असे किलकिले झाले आहे. आता ते कोणासाठी आणि किती उघडायचे, हा कायद्याचा प्रश्न उरत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो.

या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक जुने नाव आहे, 'हिमा'. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचा बलवान सरदार चांगले कुरण आपल्या जनावरांसाठी राखून ठेवी आणि इतरांना तेथे मज्जाव करी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही खाजगी राखण मोडून काढली. राखीव कुरण असेल तर ते सर्वांच्या हितासाठीच, असा नियम केला. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी कुरणाच्या राखणदाराला दिलेली ताकीद हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. तिचा आशय असा की, थोडी उंटे आणि थोडी मेंढरे असलेल्याला आत येऊ दे, पण उस्मान बिन अफ्फान आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या कळपांपासून सावध राहा. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि बागा आहेत. गरिबाची मेली तर तो बायकापोरे घेऊन माझ्या दारी उभा राहील.

ज्यांची नावे उमरनी घेतली ते दोघेही थोर सहाबी होते, त्यांच्या सचोटीबद्दल कोणालाच शंका नव्हती. तरीही त्यांना मागे उभे केले गेले. येथे 'सर्वांना समान' म्हणून गवत वाटलेले नाही, किंवा 'राखीव' म्हणून सर्वांना बाहेरही ठेवलेले नाही. ज्याला दुसरा रस्ता नाही तो पुढे, ज्याला दुसरा रस्ता आहे तो मागे, असा क्रम लावला आहे. आम्हाला वाटते, किनाऱ्यावरच्या वाटेचा न्यायही हाच असायला हवा.

समुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियात, हा वाद फार पुढे गेला आहे. तेथील राज्यघटनेत १८७९ पासून पाण्याकडे जाणारी सार्वजनिक वाट अडवण्यास बंदी आहे, आणि १९७६ च्या किनारा कायद्याने किनाऱ्याचे रक्षण व लोकांचा प्रवेश या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच आयोगावर टाकल्या. तरी मालिबूसारख्या ठिकाणी काही श्रीमंतांनी सार्वजनिक वाटांवर खोट्या पाट्या आणि खोटे दरवाजे लावलेच. आणखी एका किनाऱ्यालगतची जमीन भारतात जन्मलेल्या एका अब्जाधीशाने २००८ मध्ये विकत घेतली आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत असलेल्या रस्त्याचे फाटक पुढे बंद केले. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. पण त्याच राज्यात असिलोमार नावाच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमधून जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची वाट केली आहे. माणसे फळ्यांवरून जातात, म्हणून आजूबाजूची झाडझाडोरा पुन्हा उभी राहू शकते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही अशा वाटेने टेकडीच्या आत जाता येते. नीट बांधलेली वाट ही स्वतःच एक कुंपण असते, पण ते माणसाला बाहेर ठेवत नाही, त्याच्या पावलांना शिस्त लावते.

अमेरिकेतल्या अब्जाधीशाला नावे ठेवणे सोपे आहे. आता जरा आमच्याकडे पाहू. आमची मुले आखातात गेली, दोन पैसे मिळवून आली आणि त्यांनी गावी बंगले बांधले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यातल्या किती बंगल्यांच्या भिंतींनी जुनी पाखाडी गिळली? जेथे बांबूचे बेडे होते आणि ते कोणीही सरकवून जात असे, तेथे लोखंडी गेट आले. घराच्या भरावासाठी पुळणीवरची वाळू रात्री टेंपोने कोणी उचलली? मुंबई-पुण्याचा धनिक किनारा बळकावतो, ही आमची तक्रार खरीच आहे, पण आमच्याच दालदी शेजाऱ्याची वाट आमच्याच भिंतीने अडली असेल तर ती तक्रार करण्याचा हक्क आम्हाला किती उरतो? आपल्या कायद्यात वहिवाट नावाची सुंदर कल्पना आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा वापरलेल्या वाटेवर हक्क निर्माण होतो. म्हणजे गरिबाच्या पावलांनीही दस्तऐवज लिहिला जातो. पण तो वाचायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि शेजाऱ्याविरुद्ध ती चढण्याची हिंमत गरिबाला होत नाही.

एक आक्षेप येईल. कोळी-दालदी तरी निसर्ग कुठे राखतात? मान्य आहे, गरिबीने माणूस आपोआप पुण्यवान होत नाही. पण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. तेथे कासवांची अंडी पळवली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचे काम सुरू केले, गावकऱ्यांना त्यात घेतले, २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, आणि पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा दोरीच्या अलीकडे गुपचूप उभे राहतात. त्या दोरीला पहारेकऱ्याची फारशी गरज पडत नाही, कारण तिच्या रक्षणात गावाचा वाटा आहे. ज्यांना आपण बाहेर काढतो त्यांच्याकडून राखण होत नाही. ज्यांना आत घेतो तेच राखणदार होतात.

डिसेंबर १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या खटल्यात सांगितले की, नद्या, किनारे, वने यांचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. आम्ही त्याला अमानत म्हणतो. अमानत सांभाळणाऱ्याला ती कुलूपबंद करून स्वतः उपभोगता येत नाही आणि उधळताही येत नाही.

म्हणून टेकडीतून वाट जरूर असावी, पण ती एकच असावी, अरुंद असावी, वेलीच्या वरून उचललेली असावी. तिच्या तोंडाशी तिकीट नसावे आणि शेवटी कोणाच्या हॉटेलाचे दार नसावे. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई समोरून आली तर पाहुण्याने बाजूला व्हावे. कासवांच्या दिवसांत संध्याकाळनंतर ती बंद ठेवावी लागली तर सर्वांनाच बंद असावी, बंगलेवाल्यालाही. आणि मन मानेल तेथून उतरण्याची जुनी मोकळीक आम्हालाही सोडावी लागेल, हे आम्ही कबूल करायला हवे. आमच्या लहानपणी माणसे थोडी होती, म्हणून वेल आम्हाला सोसू शकली. ते दिवस आता नाहीत.

वाळूची मर्यादा वेल सांभाळते. माणसाची मर्यादा माणसानेच सांभाळायची असते, आणि तिची सुरुवात आपल्या घराच्या गडग्यापासून करावी लागते. या वर्षी गावी गेलो की आधी तेवढे पाहू या. आमच्या भिंतीखाली कोणाची वाट दबली आहे का?