तबकडीतला ‘तोच’ आवाज

माळ्यावरची ७८ आरपीएमची तबकडी संगणकात उतरवून घेणं आता घरच्या घरी जमतं. त्या वेगाने फिरणारा टर्नटेबल लागतो, प्रीअ‍ॅम्प लागतो, ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सुई मात्र ३ मिलची हवी. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त वेचते. तबकडी लाखेची असल्याने ती स्पिरिटने पुसायची नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एवढी पथ्यं पाळली की तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू उतरते. खरी अडचण त्यानंतर येते. पडद्यावर जे उमटलं, त्यातलं गाणं कोणतं आणि मळ कोणता?

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या मुळाशी आपल्या दर्शनांमधला एक जुना वाद आहे: शब्द नित्य की अनित्य?

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्मत नाही, फक्त प्रकट होतो. त्यांचा आवडता पुरावा प्रत्यभिज्ञेचा. काल ऐकलेला ‘ग’ आज पुन्हा कानी पडला की ऐकणारा म्हणतो, हा तोच ‘ग’. नैयायिकांना हे मान्य नाही. शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. लाटेमागून लाट यावी तसा एका ध्वनीतून दुसरा उपजत कानापर्यंत पोचतो. ‘तोच’ वाटतो, कारण तो त्याच जातीचा असतो. हा वाद वेदांच्या प्रामाण्यासाठी, वर्णांच्या संदर्भात झाला. गायकाच्या गळ्याचा तिथे प्रश्न नव्हता. तरीही आजीच्या काळातलं हिराबाई बडोदेकरांचं पद लॅपटॉपमधून ऐकताना घरातलं वडीलधारं माणूस ‘हाच तो आवाज’ म्हणतं, तेव्हा ते नकळत मीमांसकांच्या बाजूने साक्ष देत असतं.

ही साक्ष किती भरवशाची? पॅरिसमध्ये १८६० साली एदुआर-लेऑं स्कॉतने काजळी धरलेल्या कागदावर एका फ्रेंच लोकगीताची कंपनं रेघांनी उमटवून घेतली होती. त्या रेघा बघण्यासाठी होत्या. त्यांतून आवाज परत काढायची सोय त्याच्याकडे नव्हती. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने त्या रेघा ऐकवल्या आणि जगाला एका मुलीचा किंवा तरुण स्त्रीचा आवाज ऐकू आला. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. तो दुरुस्त केला, तेव्हा एक पुरुष संथपणे गाताना ऐकू आला. बहुधा स्कॉत स्वतःच. रेघा त्याच होत्या. बदललं होतं ते त्यांतून आवाज उपजवण्याचं गणित.

घरच्या टेबलावर हाच पेच लहान आकारात येतो. ७८ हा आकडा लेबलावर असला, तरी त्या काळच्या अनेक तबकड्या नेमक्या त्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. साडेचार फेऱ्या जास्त झाल्या की काळी चारचा गळा पांढरी सहामध्ये जातो. साथीला पेटी असेल तर तिच्या पट्टीवरून वेगाचा अंदाज बांधता येतो.

त्याहून नाजूक काम खरखर काढण्याचं. गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतला आवाज नमुना म्हणून निवडायचा आणि तेवढा सगळीकडून वजा करायला सांगायचं, ही रीत. पहिल्या झटक्यात आवाज स्वच्छ वाटतो. मग कान देऊन ऐकलं की ‘श’ आणि ‘स’ बोथट झालेले असतात, तंबोऱ्याची जवारी विझलेली असते, दोन तानांमधला श्वास नाहीसा झालेला असतो. ऊष्म वर्ण आणि सुईची खरखर वरच्या कंप्रतांच्या एकाच पट्ट्यात राहतात; यंत्राला त्यांतला भेद कळत नाही. ज्या वर्णांच्या नित्यत्वासाठी मीमांसक झगडले, तेच इथे सर्वांत आधी बळी जातात.

म्हणून या कामात नैयायिकांचं म्हणणं अधिक जबाबदारीचं ठरतं. प्रत्येक वेळी आवाज नव्याने उपजत असेल, तर जपायची ती त्याची कारणं: तबकडी, तिचा वेग, सुईची जाडी, मूळ उतरवणीची फाइल.

केसरबाई केरकरांचं उदाहरण इथे बोलकं आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ साली गेले. त्यांचं गाणं मुद्रित रूपात मागे राहिलं नाही. गोव्यातल्या केरी गावच्या या शिष्येची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. नासाने नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं, आणि तबकडी कोणत्या वेगाने फिरवायची ते आवरणावर आकृत्यांनी कोरलं. ऐकणारा कोण असेल हे ठाऊक नसताना आवाज ‘आपोआप प्रकट होईल’ यावर विसंबणं शक्यच नव्हतं.

घरी तबकडी उतरवणाऱ्यालाही हे करता येतं. पहिली उतरवणी २४ बिटची, फ्लॅकसारख्या काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात, खरखरीसकट ठेवावी. साफसफाई तिच्या प्रतीवर करावी. नातेवाइकांना पाठवायची एमपीथ्री त्या प्रतीवरून काढावी. तबकडीचा क्रमांक, वापरलेली सुई, धरलेला वेग आणि काय काय वजा केलं त्याची नोंद फाइलबरोबरच असावी. उद्या अधिक जाणत्या कानाला आजचा वेग चुकीचा वाटला, तर त्याला मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करता आली पाहिजे. आणि तबकडी रद्दीत घालू नये, ती उभी ठेवावी.