चालायचं कोणी?

विद्यापीठाच्या आवाराबद्दल लिहावं इतकं वास्तुशास्त्र मी शिकलेले नाही. आमच्या राजेगावात विद्यापीठही नाही. बाघ नदीच्या अलीकडे आमचा बालाघाट जिल्हा, पलीकडे गोंदिया. मोठं शिक्षण घ्यायचं म्हटलं की पोरींना नागपूर नाहीतर जबलपूर गाठावं लागतं. पण आवार कसं आहे हे बाहेरून येणाऱ्यालाच जास्त कळतं. आत रोज वावरणाऱ्याला पायवाटा पाठ झालेल्या असतात. नव्याने येणाऱ्या मुलीला फाटक दिसतं, लांबलचक रस्ता दिसतो, आणि आपण इथे अपेक्षित आहोत की नाही, हे तिला मास्तरांच्या आधी त्या रस्त्यावरूनच समजतं.

म्हणून मला पडलेला प्रश्न इमारतीच्या सौंदर्याचा नाही, नीतीचा आहे. ज्ञानाचं घर बांधताना अंतर कोणाच्या वाट्याला टाकायचं?

पुण्याचं उदाहरण घेऊ. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत विद्यापीठासाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईच्या गव्हर्नरला पुण्यात राहायला प्रासाद हवा होता. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ साली काम सुरू झालं, १८७१ साली पुरं झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. उंच मनोरा, कमानी, मेजवानीचं दालन, भोवती विस्तीर्ण बाग. खर्च इतका वाढला की त्या उधळपट्टीवर टीकाही झाली. फाटक आणि दार यांच्यामधलं अंतर बग्गीत बसून येणाऱ्यांसाठी होतं. पायी येणाऱ्या माणसाने मनोरा दुरूनच बघावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच वाड्यात झाली आणि तिथून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. प्लेगने पोळलेलं शहर आणि रोषणाईने उजळलेला वाडा यांच्यामधला तो रस्ता.

पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं. बाळासाहेब खेरांच्या सरकारने हा वाडा आणि चारशे एकरांहून मोठी जागा विद्यापीठाला दिली. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. ज्या दालनात साहेबलोक जेवले, तिथे विद्येचा कारभार सुरू झाला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. काहीजण म्हणतात, गुलामीच्या खुणा पाडून टाका. मला ते पटत नाही. आपल्या शास्त्राप्रमाणे कर्म चिकटतं ते जीवाला, जडाला नाही. दगडाने काही पाप केलेलं नाही. चिऱ्याला गव्हर्नर आणि गवंड्याची पोर सारखीच.

पण मांडणीचं तसं नाही. मांडणी म्हणजे कोणीतरी एकदा घेतलेला निर्णय, आणि तो निर्णय घेणारा गेला तरी आपल्याकडून रोज पाळला जातो. वाडा निर्दोष असेल, पण बग्गीसाठी आखलेला रस्ता आता विद्यार्थ्याला चालावा लागतो.

इथे कुणी म्हणेल, बाई, भव्यता वाईट कशी? झोपडीतल्या पोराला राजवाड्यात बसून शिकायला मिळालं तर त्याची मान ताठ होते. हे म्हणणं मी खोडून काढणार नाही. एका वस्तूला अनेक बाजू असतात हे घरात लहानपणापासून ऐकलंय. गरिबाला सुंदर वास्तूचा हक्क नाही, त्याने पत्र्याच्या खोलीतच शिकावं, असं म्हणणं तर जास्तच वाईट. मनोरा असू द्या. मी विचारतेय ते मनोऱ्यापर्यंतच्या वाटेबद्दल.

त्याच पुण्यात दुसरी एक वास्तू उभी राहिली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. गावातल्या लोकांचा रोष होताच. रावबहादुर गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तिथल्या माळावर एक झोपडी उभी राहिली. शहरापासून सुमारे चार मैल. रस्ता कसला, चिखलाची वाट. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि हे अंतर पायी तुडवून हिंगण्याला जात. तिथे बायका राहत होत्या, शिकत होत्या. चार मैल चालले ते प्राध्यापक. हिंगण्याची गरिबी मला गोड करून सांगायची नाही. त्या झोपडीत राहणाऱ्यांना पाऊस, थंडी सगळं सोसावं लागलं. पण अंतर कुणी उचलावं याचं उत्तर तिथे चोख होतं. ज्याच्या पायात बळ आणि समाजात मान, त्याने चालावं.

आपल्याकडे समवसरणाचं वर्णन आहे. गोल रचना, चारी दिशांना वाटा, मधोमध भगवान, आणि ज्या बाजूने बघाल त्या बाजूला त्यांचं मुख. देव, माणसं, साध्वी, श्राविका, पशुपक्षी, सगळ्यांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या. श्रद्धेची गोष्ट बाजूला ठेवून नुसता नकाशा म्हणून बघा. ज्ञान देणाऱ्याची पाठ कोणाकडेच नाही. हरणाचीसुद्धा जागा आधीच धरलेली आहे. ते आल्यावर कोणी त्याला ‘चौकशी खिडकी तिकडे आहे’ असं सांगत नाही.

आजच्या वास्तूंतही असा विचार दिसतो. पुणे विद्यापीठाच्याच आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ साली स्थापन झालेली, चार्ल्स कोरिआ यांनी आखलेली. काळ्या दगडाच्या भिंती, आणि मधे पायऱ्या उतरत गेलेलं मोकळं अंगण, आपल्या जुन्या कुंडासारखं. पायरीवर कोणीही बसू शकतं. पायरीला पहिला बाक आणि शेवटचा बाक नसतो.

आता आमच्याकडच्या मुलींचं सांगते. नात्यातली एक पोर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी एका विद्यापीठात गेली. पहाटेची गाडी धरलेली. फॉर्म एका इमारतीत, पैसे भरायचे दुसरीकडे, शिक्का तिसरीकडे. आणि तिसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. मधे ऊन, सावलीला झाड नाही, बायकांच्या शौचालयाला कुलूप. कागद मिळाला नाही, शेवटची गाडी पकडायची म्हणून परतली. घरी वडील म्हणाले, ‘‘काय मिळालं बेटा इतकं शिकून?’’ पोर गप्प. तिची अक्कल कमी नव्हती. तीन इमारतींमधलं अंतर तिच्या गाडीच्या वेळेपेक्षा मोठं होतं, एवढंच. पण आमच्याकडे अशा एका फेरीवर धाकटीचं शिक्षण थांबतं.

नकाशा काढणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याच्या मनात ती पोर नसते. हिंसा फक्त मारण्याने होते असं आपण मानत नाही. प्रमादानेही होते, म्हणजे बेसावधपणानेही. मग कागदावर सरळ रेघ ओढताना पलीकडच्या टोकाला कोण चालत येणार आहे हे न पाहणं, याला काय म्हणायचं?

कोणी म्हणेल, चालण्याचं एवढं काय? आपले मुनी, आर्यिका तर अनवाणी विहार करतात. खरं आहे. पण ते स्वतःहून घेतलेलं आहे, म्हणून ते तप. दुसऱ्याने लादलेलं चालणं म्हणजे नुसते हाल, आणि ते लादणाऱ्याला त्याचं पुण्य मिळत नाही.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं गेलं. १८४८ साली मुलींना शिकवायला निघालेल्या बाईच्या अंगावर रस्त्यात शेण फेकलं गेलं. आज गव्हर्नरच्या वाड्याच्या फाटकावर तिचं नाव आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. पण नाव एका दिवसात बदलतं. वाटेवर दिवा लावणं, खिडक्या एका छताखाली आणणं, शौचालयाचं कुलूप काढणं, बसथांबा दाराशी आणणं याला मात्र रोज कोणीतरी लक्ष घालावं लागतं. नवं आवार आखणाऱ्यांनी मनोरा किती उंच हे खुशाल ठरवावं. फक्त त्याआधी एकदा भर उन्हात, हातात फाईल घेऊन, फाटकापासून शेवटच्या खिडकीपर्यंत स्वतः चालून बघावं.