काचेआडच्या बाहुल्या

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्या माणसांच्या बैठकीत काचेचे एक कपाट बहुधा असतेच. वरच्या खणात कोंडापल्लीची अंबारी, तिच्या शेजारी कृष्णनगरचा मातीचा बाऊल, खाली चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि कोपऱ्यात तंजावरची डोलणारी बाहुली. पाहुण्याच्या दृष्टीने ही यजमानांची सेवापुस्तिकाच होय. कोणती बदली कोठे झाली, हे खणाखणांतून वाचून घ्यावे. त्यात आम्हांस गैर काही वाटत नाही. परमुलखात घालवलेल्या वर्षांची खूण घरात असावी, ही इच्छा निर्मळच आहे. परंतु नवे कपाट करावयाचे ठरले, की सुतार तीन प्रश्न विचारतो: फळी किती उंचीवर? दाराला काच की मोकळेच? कुलूप हवे काय? प्रश्न सुतारकामाचे खरे. पण बाहुली घरात कोणाची, याचा निवाडाही त्यांतच होऊन जातो.

कारण या साऱ्या वस्तू एकाच हेतूने घडलेल्या नाहीत. कृष्णनगरच्या घूर्णीतील मूर्ती पाहण्यासाठीच असते. तिची बोटे आणि वस्त्राच्या चुण्या इतक्या नाजूक, की हात लागताच टवका उडावा. तिला काच हवीच. कोंडापल्लीच्या बाहुलीचे अवयव हलक्या लाकडातून निरनिराळे कोरून चिंचोक्याची खळ व भुसा यांच्या लगद्याने जोडतात. तिला ओली भिंत आणि कडक ऊन दोन्ही वर्ज्य. पण चन्नपट्टणच्या खेळण्याचे काय? चरकावर लाकूड फिरवीत रंगीत लाख चढवावयाची, केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला तकाकी आणावयाची, हा सारा खटाटोप मुलाच्या मुठीसाठी. आणि तंजावरची बाहुली तर हलवल्यावाचून डोलतच नाही. कुलपाआड ती नुसती उभी असते.

तमिळ घरांतील नवरात्राचा कोलू आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, विजयादशमीच्या रात्री त्यांपैकी एखादी आडवी करून निजवतात आणि मग साऱ्या कापडात गुंडाळून पेटीत जातात. आपला दिवाळीचा किल्लाही असाच, चार दिवसांचा. ज्या मांडणीला शेवट आहे ती दरवर्षी नव्याने पाहिली जाते. कपाटाला शेवट नाही, म्हणून सहा महिन्यांत घरच्यांची दृष्टी त्यावरून घसरू लागते. व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत 1965 साली उघडलेल्या बाहुली-संग्रहालयाची गोष्ट वेगळी. तेथे काच असते ती येणाऱ्या हजारोंसाठी. आमच्याकडे येणारे पाहुणे महिन्याला चार, आणि त्यांतही एक शेजारचे, साखर मागायला.

मुलांच्या हाती दिले तर मोडेल, कारागिराचे श्रम वाया जातील, हा आक्षेप हलका नव्हे. तथापि ज्या मुलाची शाळा आणि सवंगडी दर तीन वर्षांनी सुटतात, त्याने मागे राहिलेल्या गावाची एकुलती एक वस्तूही ‘हात लावू नकोस’ या अटीवरच पाहावी काय? आम्हांस ते जड वाटते. कारागिराला तरी, न हाताळलेले खेळणे जपले गेले याचे समाधान कितपत वाटेल?

आमच्या घरी सुताराला खालची फळी दीड फुटावर, बिनदाराची करावयास सांगितली. तिच्यावरच्या घोड्याचे एक चाक महिन्याभरात निघाले. सध्या ते दप्तरातून रोज शाळेत जाते.