विद्येला मुखत्यार नसतो

व्यवहारात मनुष्य आपली बहुतेक कामे दुसऱ्याच्या हातून करवून घेऊ शकतो. खरेदीखत नोंदवायचे झाले, भाडे वसूल करायचे झाले, न्यायालयात बाजू मांडायची झाली, तर मुखत्यारपत्र किंवा वकीलपत्र लिहून देता येते, आणि मुखत्याराने केलेले कृत्य मालकानेच केले असे कायदा मानतो. देवळातही हीच रीत आहे. मुंबईस, बेळगावास किंवा बडोद्यास राहणारा महाजन वा कुळावी कुलदेवतेच्या अभिषेकाचे पैसे पाठवितो. पुरोहित त्याच्या नावगोत्राचा उच्चार करून संकल्प सोडतो. आणि फळ त्या दूर बसलेल्या यजमानास मिळते अशी आपली श्रद्धा आहे. ऋत्विजांनी केलेल्या कर्माचे फळ यजमानाकडेच जाते, असा निर्णय पूर्वमीमांसेनेही दिलेला आहे.

परंतु प्रतिनिधित्वाला एक सीमा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ४० व्या कलमात चित्रकाराचा एक दाखला दिला आहे. चित्र काढून देण्याचे वचन ज्याने दिले, त्याने ते स्वतःच पाळले पाहिजे. दुसऱ्या कोणाकडून काढविलेले चित्र पुढे करून तो मोकळा होऊ शकत नाही. काही कर्तव्ये कर्त्याच्या देहाशी आणि बुद्धीशी अशी जखडलेली असतात की, ती दुसऱ्याने केली म्हणजे मुळी झालीच नाहीत असे ठरते. आजाऱ्याचे औषध शेजाऱ्याने घेऊन चालत नाही. मग विद्यार्जन हे यांपैकी कोणत्या वर्गात मोडते? अभिषेकाच्या, की औषधाच्या?

हा प्रश्न आज केवळ तर्काचा राहिलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे साधन लोकांपुढे आले आणि त्यामागून त्याच जातीची इतर अनेक साधने आली. अफाट मजकुरावर घडविलेली ही यंत्रे, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक याचा हिशेब करीत वाक्ये जुळवितात. आणि ती वाक्ये इतकी सफाईदार असतात की, निबंध, गणिताची उकल, भाषांतर, कवितेचे रसग्रहण असे जे मागावे ते क्षणार्धात हाती पडते. उत्सवाच्या निमित्ताने आपली मंडळे मुलांच्या निबंधस्पर्धा भरवितात. तेथे येणारा निर्दोष निबंध मुलाचा समजावा की यंत्राचा, हा पेच आता परीक्षकांपुढे उभा आहे. बक्षीस कोणास द्यावे, एवढ्यापुरता तो पेच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती.

पूर्वपक्ष प्रथम नीट मांडला पाहिजे; त्यावाचून निकाल न्याय्य होत नाही. पूर्वपक्षी म्हणेल, प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी वडीलधाऱ्यांनी असाच आक्रोश केला आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस मिसर देशातील एक कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लेखनकला घेऊन थामुस राजाकडे येतो, तेव्हा राजा त्याला बजावतो की, या कलेने माणसांची स्मृती वाढणार नाही, उलट त्यांना विस्मरणच जडेल, आणि ज्ञानाऐवजी ज्ञानाचा आभास त्यांच्या पदरी येईल. आपल्याकडे पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी गणना आहे, तीत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याला बसविले आहे. तरीही लेखन आले, टिकले, आणि त्याच्यामुळेच ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत पोहोचली. १५५६ मध्ये छापखाना गोव्यास उतरला, तो मिशनऱ्यांच्या कार्यासाठी. परंतु मुद्रणाच्या त्याच कलेने पुढे आपल्या पोथ्याही घरोघर नेल्या. मग याच यंत्राचे भय कशाला? शिवाय ज्या खेड्यातील मुलाला शिकवणीचे पैसे परवडत नाहीत, ज्याच्या घरी इंग्रजी समजावून सांगणारे कोणी नाही, त्याला रात्री अकरा वाजताही न कंटाळता उत्तर देणारा शिक्षक मिळत असेल, तर त्याला नाही म्हणण्याचा अधिकार सुखवस्तू पालकांना कोणी दिला?

हा पूर्वपक्ष बलवान आहे, आणि त्यातील शेवटचा मुद्दा तर आम्हास सर्वस्वी मान्य आहे. पोर्तुगीज अमदानीत पणजीस उभ्या राहिलेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मुठीमुठीने दिलेल्या दानाची आठवण साठविली आहे. ज्या समाजाने मूठ मूठ जमवून शाळा चालविल्या, त्याने गरीब मुलाच्या हातातील साधन हिसकावून घेण्याची भाषा करू नये.

परंतु पूर्वपक्षात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती मात्र तपासून घेतली पाहिजे. हे साधनही पूर्वीच्या साधनांसारखेच आहे, हे ते गृहीत. बृहदारण्यकाने आत्मज्ञानाच्या संदर्भात श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या कोणत्याही विद्येला लागू पडतात. ऐकावे, ऐकलेल्यावर विचार करावा, आणि विचाराने ठरलेले सतत चिंतनाने आपलेसे करावे. लेखनाने आणि मुद्रणाने पहिली पायरी सोपी केली. पोथी घरी आली, पण पोथीने वाचकाच्या वतीने विचार केला नाही. नवे यंत्र मात्र दुसरी पायरीच आपल्या अंगावर घ्यावयास निघाले आहे. ते म्हणते, मननही मीच करतो. तुम्ही फक्त निष्कर्ष घ्या. येथे पोथीचा आणि या यंत्राचा मार्ग वेगळा होतो.

गायनाचे उदाहरण घ्यावे. फोंडे महालातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब निवर्तले तोपर्यंत ते शिक्षण चालू राहिले. केसरबाईंची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ध्वनिमुद्रणाचे केवढे हे सामर्थ्य! तथापि ती मुद्रिका हजार वेळा वाजविली तरी त्यातील एकही तान ऐकणाऱ्याच्या गळ्यात आपोआप उतरत नाही. गायनात हे आपल्याला चटकन पटते, कारण गळा फिरला नाही तर तो लागलीच ऐकू येतो. बुद्धी फिरली नाही तर ते ऐकू येत नाही; कागदावर निबंध तर सुंदर दिसत असतो. धोका आहे तो येथेच.

याला प्रयोगाचाही आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक विद्यालयात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या विषयात एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना यंत्र मोकळेपणी वापरू दिले, त्यांचे सरावातील गुण यंत्राविना शिकणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तेच विद्यार्थी १७ टक्क्यांनी मागे पडले. अधिक चिंतेची बाब ही की, आपण कमी शिकलो याची त्यांना जाणीवही नव्हती. तथापि त्याच प्रयोगात आणखी एक गट होता. त्याला दिलेले यंत्र सरळ उत्तर न सांगता, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या खुणा सुचवीत असे. त्या गटाची सरावातील प्रगती १२७ टक्के झाली, आणि परीक्षेतील ती हानी बहुतांशी टळली. म्हणजे दोष यंत्राच्या अस्तित्वात नाही. ते विद्यार्थ्याचा मुखत्यार होते की त्याला प्रश्न विचारणारा सहाध्यायी होते, यावर सारे अवलंबून आहे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त म्हणजे ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा मनुष्य. न्यायालयाचीही कसोटी हीच. साक्षीदाराने जे स्वतः पाहिले वा ऐकले तेच सांगावे, शपथेवर सांगावे आणि उलटतपासणीस उभे राहावे. या यंत्राने काही पाहिलेले नाही. खरे सांगण्याची इच्छा किंवा खोटे सांगण्याची लाज, दोन्ही त्याच्या ठायी आहेत असे मानण्यास आधार नाही. आमच्या व्यवसायाने याचा अनुभव लवकरच घेतला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका प्रवाशाने विमान कंपनीवर लावलेल्या दाव्यात, वकिलांनी यंत्राकडून मिळविलेले निवाडे आधारासाठी दाखल केले. ते निवाडे कधी झालेलेच नव्हते. हे खरे आहेत काय, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखून, निष्कर्ष किंवा निकाल ठरविण्याच्या कामी अशी साधने वापरण्यास मनाई केली.

येथे कोणी म्हणेल की, चुका तर लेखनिकही करीत. खरे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आणि अशुद्धे शिरली होती, आणि शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये नाथांनी ती शुद्ध केली. परंतु नाथांना ते कशाच्या बळावर करता आले? त्यांनी ज्ञानेश्वरी आधी आपल्या अंतःकरणात मुरविली होती. चूक ओळखण्यासाठी बरोबर काय ते ठाऊक असावे लागते. यंत्र जितके अधिक लिहील, तितकी नाथांसारख्या शोधकांची गरज अधिक. आणि मुलांचे मनन जर यंत्रच करू लागले, तर असे शोधक उद्या येणार कोठून?

आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या समाजाला तर याची विशेष काळजी वाहिली पाहिजे. यंत्र शिकते ते लिखित मजकुरावरून. कोंकणी भाषा देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी वळणाची लिपी अशा पाच लिप्यांत विभागलेली; तिचे लिखित भांडार इंग्रजीच्या मानाने अल्प. धालोची गीते मांडावर टिकली, जागराच्या चाली माणसांच्या कंठात राहिल्या, आणि कित्येक ग्रामदेवतांच्या कथा आजीकडून नातीकडे आल्या. जे कधी लिहिलेच गेले नाही ते यंत्राला कोठून कळणार? पण ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी ते ठाम वाक्य रचून देण्याचा संभव असतो. आजीला विचारावयाचे सोडून मूल ते वाक्यच खरे मानू लागले, तर एका पिढीत आपली गोष्ट आपल्याच घरात परकी होईल.

मग उपाय कोणता? बंदीने काही साधेल असे आम्हास वाटत नाही. काही दोष आपल्याकडेही आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पाणिनीय शिक्षेच्या त्याच यादीत अर्थ न जाणता म्हणणाराही अधमच गणला आहे; आणि आपल्या शाळांनी कित्येक वर्षे अशाच पाठकांना पहिला नंबर दिला. अर्थावाचून पाठांतर हीच जर विद्या असेल, तर यंत्र आपल्या मुलांपेक्षा केव्हाही श्रेष्ठ ठरणार. यास्तव परीक्षेचे स्वरूप बदलावे. निबंधस्पर्धेत कागद जरूर घ्यावा, परंतु मुलाला सभामंडपात उभे करून पाच मिनिटे त्याच विषयावर प्रश्न विचारावेत. वाद करावा, आणि त्याने अडखळत दिलेल्या स्वतःच्या उत्तराला सफाईदार कागदापेक्षा अधिक मोल द्यावे. घरी यंत्र वापरावयाचे तर आधी स्वतः लिहावे, मग त्याकडून शंका काढवून घ्याव्यात आणि त्यांची उत्तरे पुन्हा स्वतःच शोधावीत.

छांदोग्यातील उद्दालकाचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून परत आला, तो विद्येचा ताठा घेऊन. पित्याला उत्तर ठाऊक होते आणि एका वाक्यात ते सांगता आले असते. तरी त्याने मुलाला रात्री पाण्यात मीठ टाकावयास लावले, आणि सकाळी ते पाणी वरून, मधून, तळातून चाखावयास सांगितले. डोळ्यांना न दिसणारे मीठ जिभेला सर्वत्र लागले, तेव्हा सांगावयाचे ते सांगितले. ती चव पिता मुलाच्या वतीने घेऊ शकत नव्हता, आणि हे जाणणारा म्हणूनच तो शिक्षक होता.

आपल्या शास्त्रांनी मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने पैशाचे कर्ज तिऱ्हाइतानेही फेडले आणि धनकोने ते स्वीकारले, तर ऋणको मुक्त होतो. देवऋण यज्ञाने फिटते, आणि त्यात पुरोहिताचे हात आपल्या साहाय्याला येतात. पितृऋण तर पुढच्या पिढीच्या जन्मानेच फिटते. ऋषिऋण मात्र अध्ययनाने फिटते, आणि त्याचा भरणा दुसऱ्या कोणाकडून स्वीकारला जाईल अशी तरतूद कोठेही आढळत नाही. यंत्राने लिहिलेल्या कागदावर मुलाचे नाव घातल्याने ते ऋण तसूभरही कमी होत नाही. ते व्याजासह त्याच्या नावावर उभेच राहते.