शत्रूचा चेक

पैसा बाटतो का, हा प्रश्न कॅशियरला विचारू नये. आमच्या काउंटरवर सकाळी मासळीबाजारातल्या ओल्या नोटा येतात, त्यांच्यामागोमाग देवस्थानाच्या पेटीतल्या कुंकवाने लाल झालेल्या येतात आणि दुपारी देशी दारूच्या दुकानाचा भरणा येतो. मोजायचं यंत्र तिघांनाही सारखंच फडफडवतं. एकदा बंडलावर कागदी पट्टी चढली की बोंबील कुठला नि अंगारा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं ते एवढंच, की येणारं ते डेबिट आणि जाणारं ते क्रेडिट. कुठून आलं, हा रकाना लेजरात नसतो.

एवढ्यावर माणसाने सुखाने निवृत्तीची वाट बघावी. पण मला मधूनमधून चुंबावांबा आठवतात.

हे नाव तोंडात पान असताना उच्चारू नये. १९८२ साली इंग्लंडात जमलेला हा रॉकवाल्यांचा कंपू. लीड्स शहरातल्या एका रिकाम्या पडलेल्या घरात ही मंडळी कुणाला न विचारता राहिली, मिळेल ते सारखं वाटून घेऊ लागली आणि सरकार, राजघराणं, कंपन्या अशा सगळ्यांविरुद्ध गाऊ लागली. स्वतःला अराजकवादी म्हणवायची. अराजकवादी माणसं पैशांची वाटणी इतकी चोख करतात, हे वाचून माझ्यातला कॉमर्सवाला हेलावला. आमच्या शाखेत चौघांत भज्यांचे पैसे वाटताना सहकार चळवळ धोक्यात येते.

१९८५ साली आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ नावाचा जंगी कार्यक्रम झाला. सारं जग डोळे पुसत असताना या मंडळींनी पुढच्याच वर्षी एक रेकॉर्ड काढली. तिच्या नावाचा सरळ अर्थ असा, की उपाशी मुलांची चित्रं रेकॉर्डी खपवतात. म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याची खतावणी तपासायला हे सगळ्यांत पुढे. आम्हाला असे ऑडिटर ठाऊक आहेत. चहा घेत नाहीत, बिस्किटाला शिवत नाहीत आणि तीन पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात.

१९८९ साली ई.एम.आय. कंपनीला नावानिशी शिवी देणारी एक रेकॉर्ड निघाली, तीतही हे होते. आपल्याकडे ई.एम.आय. म्हणजे घराचा मासिक हप्ता, त्यामुळे ती शिवी आमच्या सोसायटीत घरोघर पाठ झाली असती. पण ही ई.एम.आय. म्हणजे रेकॉर्डींची बलाढ्य कंपनी, आणि त्या काळी तिच्या घराण्यात लष्कराला लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही बनत असे. शिवी त्यासाठी होती.

आणि १९९७ साली चुंबावांबांनी करार केला तो याच ई.एम.आय.शी. त्यातून आलं ‘टबथम्पिंग’. पडून पुन्हा उठणाऱ्या माणसाचं ते गाणं इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकावर गेलं, जगभर वाजलं आणि आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही शिरलं. त्यात दारवांची यादी आहे, एवढंच आम्हाला कळलं होतं. बाकी क्रांती वगैरे आमच्या डोक्यावरून गेली. तिकडे जुने भक्त मात्र खवळले. इतर पंकवाल्यांनी तर खास यांच्या निषेधाची रेकॉर्डच काढली.

म्हणजे माणसं विकली गेली? थांबा. १९९८च्या फेब्रुवारीत लंडनला ब्रिट पुरस्कारांचा सोहळा होता. तिथे यांच्यातल्या डॅनबर्ट नोबेकन नावाच्या गृहस्थाने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना सरकारने वाऱ्यावर सोडलं, म्हणून. विकला गेलेला माणूस पाणी ओतत नाही, ग्लास भरून देतो.

नायकी या बूटवाल्या कंपनीने फुटबॉलच्या विश्वचषकाच्या जाहिरातीसाठी त्या गाण्याचे पंधरा लाख डॉलर देऊ केले. यांनी नकार दिला, आणि चर्चेला तीस सेकंद लागली असं तेच सांगतात. आमच्या शाखेत पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा तरी रीजनल ऑफिसला तीन स्मरणपत्रं जातात.

माझी झोप उडवतो तो हा नकार नव्हे. नकार समजायला सोपा असतो, टाळी वाजवून माणूस मोकळा होतो. २००२ साली जनरल मोटर्सने ‘पाँटिअ‍ॅक व्हाइब’ या मोटारीच्या जाहिरातीसाठी त्यांचं ‘पास इट अलाँग’ हे गाणं मागितलं, तेव्हा यांनी होकार दिला. घसघशीत रक्कम घेतली आणि दोन संस्थांना देऊन टाकली. एक कॉर्पवॉच, कंपन्यांवर पाळत ठेवणारी. दुसरी इंडीमीडिया. १९९९ साली सिअ‍ॅटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध निदर्शनं झाली, तेव्हा वर्तमानपत्रांच्या मालकांना न विचारता लोकांनीच लोकांसाठी इंटरनेटवर बातम्या देण्याचं जे काम सुरू झालं, ते हे. या दोघांनी त्या पैशातून मोहीम काढली, ती जनरल मोटर्सविरुद्ध!

हे मी आमच्या हेडकॅशियरना सांगितलं. म्हणाले, “चेक क्लिअर झाला ना? मग तत्त्वाचं नंतर बघू.”

घरी सांगितलं तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, पण जाहिरात लागलीच ना? गाडी तर त्या गाण्यावर खपलीच असेल की.”

कॉमर्सला मुली जास्त संख्येने का जाव्यात, ते मला त्या क्षणी कळलं. दोन्ही बाजूंची नोंद तिने मेथीच्या जुडीवर केली होती.

तिचं म्हणणं खरं आहे. तरी मी चुंबावांबांच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आमच्या कॉलनीचं गणेशोत्सव मंडळ. बँकेत नोकरी करणाऱ्याला कॉलनीत एकच जन्मसिद्ध हक्क असतो, तो म्हणजे खजिनदारपद. आमच्या मैदानावर डोळा ठेवून असलेल्या एका बिल्डरने एका वर्षी कमानीचे पैसे देऊ केले. बैठकीत “शत्रूच्या पैशाने शत्रूशीच लढू” असं ठणकावून सांगण्यात आलं. पावती मीच फाडली. पैसे खात्यात पडले, कमान उभी राहिली, तिच्यावर त्याचा हात जोडलेला फोटो झळकला. उरलेल्या रकमेची मुदत ठेव झाली. पुढच्या बैठकीत मैदानाचा विषय निघाला तेव्हा कोणी छताकडे बघत होतं, कोणी मोबाइलकडे. ठेवीची मुदत संपायची होती ना!

पैसा येतानाच बाटवत असता तर आमच्या काउंटरवरचे सगळे नरकात गेले असते. तो बाटवतो मुक्कामाला राहिला की. चुंबावांबांच्या खात्यात त्या रकमेला मुक्कामच मिळाला नाही, तिच्या व्याजावर त्यांचं कुणाचं घर चालणार नव्हतं. म्हणून त्यांना छताकडे बघावं लागलं नाही. बायकोचा मुद्दा याने खोडला जातो का? नाही. जाहिरात लागली ती लागली.

पुढे काय झालं म्हणाल, तर पाँटिअ‍ॅक हे नाव २०१० साली कंपनीने बंद केलं. २०१२ साली चुंबावांबांनी गाशा गुंडाळला आणि त्याच वर्षी ई.एम.आय.चे तुकडे होऊन ती विकली गेली. गाणं मात्र उरलं. मार्च २०२४मध्ये न्यूझीलंडचे उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी ते आपल्या सभेला वाजवलं. या खेपेस पाण्याची बादली निघाली नाही. चुंबावांबांनी रेकॉर्ड कंपनीला सांगितलं, की जरा यांना एक नोटीस पाठवा.