जो आवाज मागे उरला नाही

कलावंताच्या कार्याचे मोल त्याच्या मागे उरलेल्या पुराव्यावरून ठरवावे काय? लेखकाचे पुस्तक उरते, चित्रकाराचे चित्र उरते. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या गायकाचे मात्र नावापलीकडे फारसे काही उरत नाही. इव्हान मेल्निकोव्ह या रशियन गायकाचे चरित्र या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे.

मेल्निकोव्हचा जन्म १८३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्याचा आवाज 'बॅरिटोन', म्हणजे उंच 'टेनर' आणि खर्जातला 'बास' यांच्या मधला. मारिइन्स्की रंगमंदिरात त्याने १८६७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, पदार्पण केले. त्या काळी राजधानीच्या उच्चभ्रू वर्गात इटालियन ऑपेराला प्रतिष्ठा होती. स्वभाषेतील ऑपेराला दुय्यम लेखले जाई.

वनखात्यात नोकरी करणाऱ्या मुसोर्गस्कीने 'बोरिस गोदुनोव्ह' रचला, तेव्हा १८७१ मध्ये सरकारी नाट्यगृहांच्या समितीने तो नाकारला. सुधारून घेतलेली कृती १८७४ च्या प्रारंभी रंगमंचावर आली आणि पहिला बोरिस मेल्निकोव्हने साकारला. प्रेक्षकांनी दाद दिली, पण अनेक समीक्षकांनी कठोर टीका केली. पुढच्याच वर्षी रुबिनस्टाइनच्या 'डेमन'चा तो पहिला नायक झाला. १८९० मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, बोरोदिनच्या 'प्रिन्स इगोर'मधील इगोर आणि चायकोव्हस्कीच्या 'क्वीन ऑफ स्पेड्स'मधील तोम्स्की या भूमिकाही प्रथम त्यानेच केल्या.

आज मात्र बोरिस म्हटले की रसिकांना शाल्यापिन आठवतो. त्याने ही भूमिका प्रथम १८९८ मध्ये केली आणि १९०८ मध्ये पॅरिस जिंकले. त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. मेल्निकोव्हची रंगमंचीय कारकीर्द मात्र रशियात ग्रामोफोनचा व्यवसाय रुजण्यापूर्वीच संपली होती. १९०६ मध्ये तो निवर्तला.

यात अन्याय झाला काय? शाल्यापिनची थोरवी स्वयंसिद्ध आहे. ती कमी लेखून मेल्निकोव्हला न्याय मिळणार नाही. परंतु दोघांच्या कार्याचे स्वरूप भिन्न होते, हे ध्यानी घ्यावयास हवे. मागाहून येणाऱ्यापुढे पूर्वसूरींचा दाखला असतो. प्रथम येणाऱ्यापुढे केवळ कागदावरची स्वरलिपी असते आणि ती फसली तर दोषाचा वाटेकरी तोही होतो. नाकारल्या गेलेल्या कृतीच्या पाठीशी आपला नावलौकिक उभा करणे, हा केवळ कलेचा नव्हे, नैतिक धैर्याचाही भाग आहे.

कोणी म्हणेल, ज्याचे गाणे आपण ऐकलेच नाही, त्याचा गौरव कशाच्या आधारे करावा? आक्षेप रास्त आहे. त्याचा आवाज कसा होता, याचा निवाडा आपल्याला करता येणार नाही. पण गुणवत्तेचा निवाडा आणि ऋणाची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी होत. शासकीय सेवेतही एखादी योजना प्रथम मार्गी लावणाऱ्याचे नाव पुढे फाइलीत शोधूनही सापडत नाही. तथापि लोकांपर्यंत पोहोचलेला लाभ त्यामुळे खोटा ठरत नाही. १८७४ च्या त्या रात्री श्रोत्यांना जे मिळाले, ते त्याच रात्री पूर्ण झाले होते. त्याला उत्तरकाळाच्या साक्षीची गरज नव्हती.

गरज असलीच तर ती आपल्याला आहे. केवळ उपलब्ध पुराव्यालाच इतिहास मानण्याची सवय लागली, तर प्रारंभीचा धोका पत्करणारी माणसे आपल्या हिशेबातून कायमची गळतील. शाल्यापिनचा बोरिस ऐकताना मेल्निकोव्हचे नाव आठवणे, एवढी कृतज्ञता तरी आपल्या हाती निश्चितच आहे.